कपात कॉफी, बिलात खुर्ची

माटुंग्यात पेलाभर फिल्टर कॉफी पन्नासेक रुपयांत मिळते. वांद्र्याच्या नव्या कॅफेत कॅपुचिनोला अडीचशेच्या पुढेच मोजावे लागतात. बिया बहुधा दोन्हीकडे कर्नाटकातल्याच, चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतल्या. मग पाचपट फरक कशाचा? ‘श्रीमंतांचे चोचले’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. मुंबईतली कॉफीची ठिकाणं भागाभागाने पाहत गेलं, की हिशेब उलगडतो. गिऱ्हाइकाने किती वेळ बसायचं हे त्या त्या भागाच्या घडणीतून ठरतं, आणि कपाची किंमत मुख्यतः त्या बसण्याची असते.

सुरुवात माटुंग्यापासूनच करायला हवी. 1896च्या प्लेगनंतर दाटीवाटी कमी करण्यासाठी 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वसवल्या. तिथे दक्षिणेकडची नोकरदार माणसं आली आणि त्यांच्यामागोमाग खाणावळी आल्या. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास 1940 सालचं, स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालचं. इथल्या कॉफीत घाई नाही. दोन मजली भांड्याच्या वरच्या खणात पूड दाबून बसवतात, तिच्यावर उकळतं पाणी ओततात आणि खाली थेंबाथेंबाने डिकॉक्शन जमू देतात. चिकरीमुळे त्याला दाटपणा आणि गडद रंग येतो. मग गरम दूध घालून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतलं, की फेसही येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. घाई असते ती पिणाऱ्याला. बाहेर नाव लिहून लोक ताटकळत असतात, टेबलावर समोर अनोळखी माणूस बसलेला असतो आणि पेला रिकामा होताच बिल येतं. सकाळभरात एकाच खुर्चीवर कितीतरी माणसं बसून उठतात, म्हणून भाव परवडतो. इथे गप्पांसाठी वेगळी जागा लागत नाही. त्या घरी, देवळात किंवा फूलबाजारात होतात.

फोर्ट-चर्चगेटची गोष्ट उलटी. ऑफिसला आलेल्या माणसाचं घर तिथून दूर. त्याला दोन घटका टेकायला जागा हवी असते. मंदीत भाव कोसळल्यावर कॉफीला देशातच गिऱ्हाईक मिळावं, म्हणून कॉफी सेस कमिटीने पहिलं इंडिया कॉफी हाउस 1936 साली उघडलं तेही चर्चगेटला. काळा घोड्याच्या वेसाइड इन या उपाहारगृहात कवी अरुण कोलटकर बसायचे. समोरच्या चौकातूनच त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मधली माणसं आली. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार 1964 ते 2015 चित्रकारांचा अड्डा होतं. इराणी हॉटेलात चहा मुख्य, पण किती वेळ बसायचं हा प्रश्न तिथेही होताच. तिथल्या सूचनांच्या पाट्या प्रसिद्ध आहेत. निस्सीम इझिकेल यांनी त्यांवरून कवितासुद्धा केली. रेंगाळू नका, असं भिंतीवर लिहून सांगावं लागतं, याचा अर्थ लोक रेंगाळायलाच येत होते.

तिसरा टप्पा कॉफीचा बाजार खुला झाल्यानंतरचा. 1942च्या कायद्याने मळेवाल्यांचं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा होत असे. हे बंधन नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटलं. कॅफे कॉफी डे बंगळुरात 1996 साली सुरू झालं आणि त्यानंतर वातानुकूलित बैठक हाच धंदा झाला. टाटांच्या भागीदारीतलं स्टारबक्स 19 ऑक्टोबर 2012 रोजी हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत उघडलं. महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात ब्लू टोकाईचं कॅफे आलं, वांद्र्याच्या चॅपल रोडवर सबकोचं. गिरणीच्या आवारात आता स्टुडिओ आणि ऑफिसं, वांद्र्यात लहान फ्लॅटमधून काम करणारे तरुण. दोघांनाही लॅपटॉप उघडून तासभर बसायचं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: नव्या कॅफेतली बी निवडक मळ्यातली, ताजी भाजलेली असते, महाग असणारच. खरं आहे, पण आकडा मांडून पाहू. अडीचशे ग्रॅमचं पाकीट सहाशे रुपयांचं धरलं आणि एस्प्रेसोच्या डबल शॉटला अठरा ग्रॅम पूड घेतली, तर कपामागे बी त्रेचाळीस रुपयांची होते. दूध, यंत्र आणि पगार जमेस धरूनही मोठा वाटा जागेकडेच जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या उपाहारगृहांना भाडं जुन्या दराचं, म्हणून त्यांना स्वस्त विकणं जमतं. पण हा आक्षेप मुद्द्याला बळच देतो, कारण कपाचा भाव शेवटी चौरस फुटाच्या भावाला जाऊन भिडतो. शिवाय जुनं भाडं पुष्कळ इराण्यांनाही होतं, तरी ते एकेक करून मिटले. एका चहावर तासभर अडणारी खुर्ची स्वस्त भाड्यातही परवडेनाशी होते, आणि माटुंगा टिकलं ते खुर्ची सतत फिरती ठेवल्यामुळे.

साखळी दुकानं सगळीकडे सारखीच, मग भागाचा प्रश्न येतो कुठे, असंही कुणी म्हणेल. फलक सारखा असतो, पण फोर्टात तिथे कामाच्या भेटी होतात, कॉलेजजवळ एका कपावर चौघं बसतात. वस्तीला जी जागा कमी पडते, तीच ती दुकानात शोधते. म्हणून भागाभागाने कॉफी पिताना चवीइतकंच घड्याळाकडेही पाहावं. चांगली कॉफी या शहरात आजही पन्नास रुपयांत मिळते. त्या भावात निवांत बसू देणारी जागा मात्र जवळजवळ संपली आहे, आणि ती उणीव कितीही उत्तम बी आणली तरी भरून निघणार नाही.