डोक्यावर ऊन, पायाखाली पुराची वाट

आज तुमच्याशी गप्पा मारायला आम्ही दोघी विहिणी आलो आहोत. आमच्यातल्या एकीची लेक ती दुसरीची सून. ती आणि जावई अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला राहतात. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी मिळूनच त्यांच्याकडे गेलो होतो. आपल्यापैकी बऱ्याच जणी हल्ली मुलांकडे जातात आणि मुलं हौसेनं फिरायला नेतात. म्हणून आज अँटिलोप कॅनियनबद्दल सांगतो.

फिनिक्सहून उत्तरेला गाडीनं साडेचार-पाच तासांवर पेज नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या जवळच नॅव्हाहो लोकांची जमीन आहे. हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या जमिनीत या घळी आहेत. वरून पाहिलं तर सपाट, रखरखीत माळ. आत शिरलं की दोन्ही बाजूंना तांबड्या-केशरी खडकाच्या भिंती, वाळत घातलेल्या साडीसारख्या लाटालाटांच्या. काही ठिकाणी तर एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच वाट.

हे झालं कसं? फार फार पूर्वी, सुमारे 19 कोटी वर्षांमागे, तिथे वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट होतं. ती वाळू दबून तिचा खडक झाला. त्या खडकाला भेगा पडल्या. पावसाचं पाणी वाळू घेऊन भेगेतून धावतं आणि पॉलिश कागदानं घासावं तसं खडकाला घासतं. असं हजारो वर्षं झालं आणि घळ तयार झाली. म्हणजे आपण ज्या वाटेनं चालतो ती मुळात पाण्याची वाट आहे. हे नीट लक्षात ठेवा.

तिथे एकट्यानं जाता येत नाही. आधी पैसे भरून वेळ ठरवावी लागते, मग नॅव्हाहो वाटाड्या दहा-पंधरा जणांना घेऊन जातो. घळीचे दोन मुख्य भाग आहेत. वरच्या भागात जमीन सपाट असते. खालच्या भागात लोखंडी जिन्यांनी उतरावं लागतं आणि पुन्हा चढून यावं लागतं. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही वरचा भाग घेतला. उन्हाळ्यात भर दुपारी तिथे छतातून उन्हाचा झोत सरळ खाली उतरतो, तो पाहायला मोठी गर्दी असते.

आमची वेळ सकाळी अकराची होती. पहाटे निघून पोचलो. डोक्यावर निळंशार आकाश, ढगाचा ठिपका नाही. आणि खिडकीवर सांगितलं, आजच्या फेऱ्या बंद! जावई चिडले. एवढं पेट्रोल जाळून आलो, आयांना दाखवायचं होतं, आणि पाऊस कुठे आहे? तिथली वाटाडी बाई शांतपणे म्हणाली, "इथलं आकाश बघू नका, तिकडचं बघा." दूर दक्षिणेला काळसर ढग दिसत होते.

मग तिनं सांगितलं. 12 ऑगस्ट 1997 ला खालच्या घळीत असाच पूर आला आणि 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर नावापुरताच पाऊस होता. मोठा पाऊस काही मैलांवर वरच्या अंगाला पडला होता. वाळवंटातली जमीन कडक, पाणी जिरत नाही, सगळं पाणी त्या अरुंद भेगेत घुसतं. वर चढायला जागा नसते. त्यानंतर तिथे जिने खडकात पक्के बसवले, हवामानाचा रेडिओ आणि भोंगा ठेवला. जुलै-ऑगस्टमधल्या या पावसाला तेही मान्सूनच म्हणतात.

आम्हा दोघींना हे लगेच पटलं. धुणं धुताना आपण अनुभवलेलंच आहे. गावात ऊन असतं, डोंगरात पाऊस लागलेला असतो, आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होतं. मोठ्या बायका ओरडतात, "उठा, वर या!" कपडा वाहून गेला तरी चालेल, माणूस वर यायला हवं.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्या घळीत पाणी आलंच नव्हतं. जावई म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलं." त्यावर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "पाणी आलं नाही म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. रोज छत्री घेऊन निघावं, त्यातला एखाददुसरा दिवस कोरडा जाणारच." जावई हसले. त्या दिवशी आम्हाला आत सोडलं आणि ती घळ आम्ही डोळे भरून पाहिली.

आता कामाच्या चार गोष्टी. पिशवी आत नेता येत नाही, पाण्याची बाटली हातात ठेवा. साडीपेक्षा सलवार-कमीज आणि पकड असलेले बूट बरे. वरून वाळू पडते, डोकं झाका. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, नॅव्हाहो भागात करतात. त्यामुळे मोबाईल तासभर चुकू शकतो. फेरीची वेळ पेज गावच्या घड्याळानं धरा.

जवळच हॉर्सशू बेंड आहे. कोलोरॅडो नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते. ती पाहायला सुमारे एक किलोमीटर उन्हात चालावं लागतं. कडा हजार फूट उंच आणि कठडा थोड्याच भागात आहे. नातवंडांचा हात सोडू नका. विजा चमकत असतील तर जाऊच नका.

आणि मैत्रिणींनो, अमेरिकेला जाणं जमलं नाही तरी आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांधण दरी आहे. तीही पाण्याचीच वाट. पावसाळ्यात तिथे उतरू नका. गावातला वाटाड्या "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता परत फिरा. घळ कुठे जात नाही, पुन्हा जाता येतं.