मॉरिशसचे पाच पंतप्रधान आणि साखरेनंतरचे अर्थकारण

हिंदी महासागरातील मॉरिशस या राष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढे आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १८३४ नंतर साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करार करून या बेटावर उतरले आणि त्यांतील बहुसंख्य तेथेच स्थायिक झाले. कलकत्ता व मद्रासबरोबरच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतून गेलेल्या कोकणातील कुटुंबांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. या बेटाचा राज्यकारभार कोणी व कसा चालविला, हा विषय त्यामुळे मराठी वाचकाला अगदीच परका नाही.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तेव्हापासून केवळ पाच व्यक्तींनी पंतप्रधानपद भूषविले. त्यांपैकी चार जण दोन घराण्यांतील, म्हणजे रामगुलाम पिता-पुत्र आणि जगन्नाथ पिता-पुत्र. पाचवे पॉल बेरांजे. त्यांची कारकीर्द दोन वर्षेही भरली नाही. आफ्रिका खंडात नियमित निवडणुका आणि शांततेने होणारे सत्तांतर यांसाठी नावाजलेल्या देशात सत्ता इतक्या थोड्या हातांत राहावी, ही विसंगती आहे खरी. परंतु तिची मुळे निवडणूकपद्धतीत आणि अर्थरचनेत शोधावी लागतात.

पहिले पंतप्रधान डॉ. सर शिवसागर रामगुलाम यांचा जन्म १९०० सालचा. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९३५ मध्ये परतले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षाचे नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आले. मताधिकार तोवर मूठभर मालमत्ताधारकांपुरता होता. १९४८ च्या निवडणुकीत बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढास मत मिळाले, आणि ऊसमळ्यांतील मजुरांच्या मुलाबाळांना प्रथमच विधिमंडळाचे दार उघडले. १९५९ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला. १९६१ मध्ये रामगुलाम मुख्यमंत्री झाले.

मात्र १९६७ ची निवडणूक, जिच्यावर स्वातंत्र्याचा निर्णय अवलंबून होता, एकतर्फी नव्हती. स्वातंत्र्यवादी आघाडीला सुमारे ५६ टक्के मते पडली. उरलेले ४४ टक्के मतदार गेतां द्युवाल यांच्या पक्षामागे होते. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही धास्ती त्यांच्या मनात होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुई येथे दंगली उसळल्या व ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. रामगुलाम यांनी १९६९ मध्ये याच द्युवाल यांना मंत्रिमंडळात घेतले. विरोधकाला सत्तेत सामावून घेण्याची ही रीत नंतरच्या प्रत्येक पंतप्रधानाने गिरविली. तिची किंमतही मोजावी लागली : १९७१ मध्ये आणीबाणी लादली गेली आणि सार्वत्रिक निवडणूक थेट १९७६ मध्ये झाली.

त्या काळातील आर्थिक स्थिती बिकट होती. निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेचे. १९६० च्या दोन चक्रीवादळांनी ऊस आडवा केला होता. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात बेटाच्या भवितव्याविषयी निराशाजनक निष्कर्ष काढले. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मॉरिशसबाबत त्यांचे भाकीत चुकले. त्यांनी सुचविलेला श्रमप्रधान उद्योगांचा मार्ग मात्र बेटाने धरला, हे विसरून चालणार नाही.

रामगुलाम यांनी फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांची जमीन ताब्यात घेतली नाही. निर्यात होणाऱ्या साखरेवर कर बसवून त्यातून शिक्षण, आरोग्य आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन यांवर खर्च केला. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कुंपण घातलेली वसाहत उभारण्याऐवजी बेटावर कोठेही असलेल्या कारखान्यास या सवलती मिळू शकत, हे त्याचे वैशिष्ट्य. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमी भावाने घेण्याचे मान्य केले. साखरेच्या तेजीत मळेवाल्यांच्या हाती आलेला पैसा परदेशी न जाता कापड उद्योगात गुंतला. जमीन शाबूत राहिल्याने हे घडू शकले, असे म्हणता येते. जमिनीची विषमताही त्यामुळेच शाबूत राहिली.

तेलाची दरवाढ, वादळे आणि घसरती साखर यांमुळे १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. जून १९८२ मध्ये मतदारांनी रामगुलाम यांच्या पक्षाला मुख्य बेटावरील साठपैकी एकही जागा दिली नाही. बॅरिस्टर अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले व बेरांजे अर्थमंत्री. समाजवादी घोषणा देत आलेल्या या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनुसार काटकसर करावी लागली. नऊ महिन्यांतच सरकार फुटले. जगन्नाथ यांनी नवा पक्ष काढून १९८३ मध्ये पुन्हा सत्ता मिळविली. बेरोजगारी तेव्हा जवळजवळ वीस टक्के होती. हाँगकाँगच्या भांडवलावर आणि स्थानिक स्त्रियांच्या श्रमावर तयार कपड्यांचे कारखाने वाढले, आणि दशकाच्या अखेरीस बाहेरून कामगार आणण्याची वेळ आली. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, भारताशी दुहेरी करटाळणीचा करार झाला. पुढे भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा मोठा ओघ मॉरिशसमार्गे वाहू लागला, तो याच करारामुळे. २०१६ च्या दुरुस्तीने भांडवली नफ्यावरील सवलत आटोक्यात आली.

६०–० हा निकाल १९९५ मध्ये पुन्हा लागला. या वेळी डॉ. नवीन रामगुलाम सत्तेवर आले. २०२४ मध्ये तो तिसऱ्यांदा लागला, तोही त्यांच्याच आघाडीच्या बाजूने. वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन उमेदवार, प्रत्येक मतदारास तीन मते, या पद्धतीत साठ-पासष्ट टक्के मते मिळविणारी आघाडी सर्व जागा घेऊन जाते. म्हणून ‘बेस्ट लूजर’ ही तरतूद आहे : कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतील पराभूत उमेदवारांना आठपर्यंत जादा जागा. यासाठी मानलेले समाज चार, आणि समाजांचे प्रमाण १९७२ च्या जनगणनेवरून घेतले जाते. त्यात मराठी, तमिळ, तेलुगू हे सारे ‘हिंदू’ या एकाच रकान्यात मोडतात. स्वतःची भाषा व सण वेगळे जपणाऱ्या छोट्या मराठी समाजाला या गणितात वेगळे स्थान उरत नाही.

२००० मध्ये जगन्नाथ यांनी तीन वर्षे व बेरांजे यांनी दोन वर्षे पद सांभाळावे, असा करार झाला, आणि तो पाळलाही गेला. २००३ मध्ये बेरांजे पहिले बिगरहिंदू पंतप्रधान झाले. २००५ च्या प्रारंभी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपली आणि त्यानंतर युरोपने साखरेचा हमी भाव ३६ टक्क्यांनी उतरविला. दोन्ही आधार एकदमच सुटले. त्याच वर्षी परतलेल्या नवीन रामगुलाम सरकारला करसुधारणा, पर्यटन व वित्तीय सेवा यांवर भर देणे भाग पडले. २०१४ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ पुन्हा आले व जानेवारी २०१७ मध्ये निवडणुकीविना पद पुत्र प्रविंद यांच्याकडे गेले. २०१९ मध्ये प्रविंद स्वबळावर निवडून आले. २०२४ मध्ये दूरध्वनी-संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या, मतदानाच्या तोंडावर समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश निघाला आणि तो एका दिवसात मागे घ्यावा लागला.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न या साऱ्यांतून पुढे आला आहे. १९५८ पासून प्रत्येक वृद्धास, उत्पन्न न पाहता, हे वेतन मिळत आले. २०१४ आणि २०१९ च्या निवडणुकांत त्यातील वाढ हेच मुख्य आश्वासन होते. मात्र जन्मदर घटला, वृद्धांचे प्रमाण वाढले आणि सरकारी कर्जही फुगले. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात नवीन रामगुलाम यांनी पात्रतेचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ पर्यंत नेण्याचे जाहीर केले. मतपेटीतून सर्व जागा मिळवून जेमतेम सात महिने झालेल्या सरकारविरुद्ध पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले.