व्हिडिओ पाहिला, समजलाही… मग काउंटरवर आठवत का नाही?



आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक मुलगा कामाला आला. बारावी झालेला, नम्र, वेळेवर येणारा. पहिल्याच सकाळी मी त्याला दोन तास उभं करून सगळं सांगून टाकलं. कुठल्या रॅकमध्ये काय, अर्धा इंची आणि पाऊण इंचीचे भाव, प्लंबरला किती डिस्काउंट, घरगुती गिऱ्हाईकाला किती, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही. शेवटी विचारलं, "समजलं ना?" तो म्हणाला, "हो दादा."

चौथ्या दिवशी त्याने सीपीव्हीसी पाइप नेणाऱ्या प्लंबरला यूपीव्हीसीचे एल्बो दिले. ते एकमेकांत बसतच नाहीत. तासाभरात प्लंबर तणतणत परत आला. त्याच्यासमोरच मी पोराला म्हणालो, "डोकं आहे की नाही तुला?" त्यानंतर त्याने मला काही विचारणंच सोडलं, अंदाजाने माल द्यायला लागला. बाराव्या दिवशी आलाच नाही. आज तो दुसऱ्या दुकानात आहे आणि तिथला काउंटर एकटा सांभाळतो.

म्हणजे डोकं होतं. शिकवणारा कच्चा होता.

तुम्ही उद्या धंदा सुरू कराल, तेव्हा दोन ठिकाणी हाच प्रश्न येणार. एक, तुम्ही स्वतः शिकताना. दोन, पहिला माणूस कामाला ठेवाल तेव्हा. म्हणून आज शिकणं आणि लक्षात राहणं यावर बोलू.

१. डोक्याचा काउंटर छोटा असतो

दुकानात गोडाऊन मोठं असतं, पण काउंटरवर एका वेळी चार वस्तूच मावतात. डोक्याचंही तसंच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये लिहिलं, की माणूस एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्या गोष्टी मनात धरू शकतो. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला.

आणि मी त्या पोराला पहिल्या सकाळी चाळीस गोष्टी सांगितल्या होत्या! काउंटरवर चाळीस डबे ठेवले की खाली पडणारच. डब्यांना दोष देऊन काय उपयोग?

उपाय सोपा आहे. एका दिवशी तीन-चारच गोष्टी, आणि त्याही एकमेकींशी जोडून. "क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, गिझरच्या गरम पाण्याला चालतो, पांढरा यूपीव्हीसी, थंड पाण्यालाच" असं कारणासकट सांगितलं की चार सुट्या गोष्टींची एकच गाठोडी होते.

२. विसरणं हा आळस नाही

जर्मनीत हेरमान एबिंगहाउस नावाचे एक अभ्यासक होते. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजलं. 1885 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के मेहनत वाचत होती, एका दिवसाने सुमारे 34 टक्के, महिन्याने सुमारे 21 टक्के.

यात दोन गोष्टी बघा. सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसातच होते. आणि महिन्यानंतरही खातं शून्यावर येत नाही, पुन्हा शिकायला वेळ कमीच लागतो. अर्थात त्या याद्या निरर्थक होत्या. अर्थ असलेली गोष्ट जास्त टिकते, म्हणून तुमचे आकडे हेच असतील असं नाही. पण धडा पक्का आहे: एकदाच तीन तास बसण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी थोडं थोडं बसा.

३. परत पाहू नका, आठवून बघा

आता तुमचं सांगतो. माझ्या एका बॅचमध्ये मसाल्यांचा घरगुती व्यवसाय सुरू करणाऱ्या एक ताई होत्या. म्हणाल्या, "सर, मार्जिनचा व्हिडिओ तीनदा पाहिला, एकदम क्लिअर आहे." मी कोरा कागद दिला. "पाकीट 80 रुपयांना पडतं. विक्रीवर 20 टक्के मार्जिन हवं. भाव काय?" त्यांनी लिहिलं, 96.

चुकलं. 96 ला विकलं तर नफा 16 रुपये, म्हणजे विक्रीच्या साधारण 16.7 टक्केच. 20 टक्के हवेत तर 80 ला 0.80 ने भागा, भाव येतो 100. महिन्याला एक लाखाची विक्री असेल तर या चुकीत सुमारे 3,300 रुपये जातात. छोट्या धंद्यात तो गाळ्याच्या भाड्याचा चांगला हिस्सा असतो.

ताई हुशार होत्या. फसवलं ते "क्लिअर आहे" या भावनेनं. रोडिगर आणि कार्पिके या अभ्यासकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 विरुद्ध 71 टक्के. पण आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं ते फक्त वाचणाऱ्यांना!

म्हणून माझा व्हिडिओ चौथ्यांदा पाहू नका. मोबाईल पालथा ठेवा आणि वहीत उत्तर काढा. माझे व्ह्यूज कमी होतील, चालेल.

४. "हुशार आहेस" यापेक्षा "कसं केलंस?"

1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोडी सोडवल्यावर काही मुलांना म्हटलं, "तू हुशार आहेस", काहींना म्हटलं, "मेहनत चांगली घेतलीस". पुढे अवघड कोड्यांत सगळेच अडले. त्यानंतर सोप्या कोड्यांकडे परत आल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं आधीपेक्षा मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली.

यावरून "मानसिकता बदला, आयुष्य बदलेल" असं विकणारे पुष्कळ आहेत. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा प्रशिक्षणाचा सरासरी फायदा छोटाच दिसला. त्यामुळे मी इतकंच घेतो: चूक झाली की माणसाच्या डोक्यावर बोलू नका, कामाच्या पद्धतीवर बोला. "डोकं आहे की नाही" ऐकलेला माणूस प्रश्न विचारणं थांबवतो, आणि प्रश्न थांबले की चुका लपवल्या जातात. त्यांचं बिल शेवटी मालकच भरतो.

या आठवड्याचं काम

• सोमवार: तुमच्या धंद्यातली एकच गोष्ट निवडा. भाव काढणं, स्टॉक मोजणं, उधारीची नोंद, काहीही. दहा मिनिटं शिका.
• मंगळवार: काहीही न बघता कोऱ्या कागदावर लिहा. मगच तपासा.
• शुक्रवार: पुन्हा लिहा, यावेळी वेगळे आकडे घेऊन.
• पंधरा दिवसांनी: घरातल्या कोणाला तरी समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथे शिकणं बाकी आहे.

कामाला माणूस असेल तर "समजलं ना?" हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी म्हणा, "आता मी गिऱ्हाईक, तू मला माल दे." हल्ली माझ्या दुकानात नवीन आलेल्या मुलीला मी असंच शिकवतो. रोज तीन वस्तू, आणि सकाळी शटर उघडल्यावर आदल्या दिवशीच्या तीन विचारायच्या. चुका तिच्याकडूनही होतात. पण ती लगेच विचारते, "दादा, हा एल्बो कुठला?"

त्या पोराने हा प्रश्न मला विचारला असता, तर आज तो माझ्याकडे असता. तो विचारू शकला नाही, ही चूक माझी. तुमच्या दुकानात ती होऊ देऊ नका.