चुलीत घालू नये असं लाकूड

२००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर महाडच्या गल्ल्यांतून भिजलेल्या चौकटी, फळ्या, वासे यांचे ढीग मी पाहिले. आपल्याकडे लाकूड कोणी टाकत नाही. घराला लागेल तेवढं घराला, उरलं ते चुलीत.

पोलादपूरकडे आमच्या काकूंनी जुना गोठा मोडला, तेव्हा त्यातल्या फळ्या आंघोळीच्या पाण्यासाठी फोडायला काढल्या होत्या. भंगारातून आणलेल्या, हिरवट झाक असलेल्या. ‘काकू, या जाळू नका,’ म्हटलं. ‘अरे, वीस वर्षांत वाळवी शिवली नाही हिला!’ काकू म्हणाल्या. का शिवली नाही, हेच आज सांगायचं आहे.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचं मिश्रण तयार केलं. ते दाब देऊन लाकडात मुरवतात. तांबं बुरशी मारतं, सोमल वाळवी मारतो, क्रोमियम दोघांना लाकडात धरून ठेवतं. विजेचे खांब, कारखान्यांचे कूलिंग टॉवर यांना जगभर ते लागलं. अमेरिकेत मात्र घरगुती वापराच्या लाकडातून २००३च्या अखेरीस ते काढून घेतलं गेलं.

खांब उभा असतो तोवर विष थोडं थोडंच झिरपतं. जाळलं की सुटतं. सोमल मूलद्रव्य आहे, तो जळून नाहीसा होत नाही. काही धुरात जातो, बाकीचा राखेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं आठ जणांचं एक कुटुंब असंच लाकूड शेगडीत जाळत होतं. दर हिवाळ्यात अंगावर पुरळ, केस गळणं, झटके. ही हकिकत १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

त्यांच्याकडे राख फेकतात. आपण तिने भांडी घासतो, ती अळवाच्या मुळाशी घालतो, भाताच्या राबात मिसळतो! आणि पाणी तुंबलेल्या खाचरात भात जमिनीतला सोमल इतर धान्यांहून जास्त ओढून घेतो.

रेल्वेच्या जुन्या, डांबरट वासाच्या स्लीपरचंही तेच. त्यांचा धूर कर्करोगाला आमंत्रण. काजूच्या टरफलाचं तेल आपलं, गावठी. पण तेही अंगावर उततं, तेव्हा हातमोजे हवेतच.

काकूंच्या फळ्या आता विहिरीपासून लांब, पडवीत कोरड्या रचून ठेवल्या आहेत. नव्या गोठ्याचे खांब ऐनाचे आहेत, दगडी तळखड्यावर उभे केलेले, म्हणजे मातीची ओल लागत नाही. वाळवी आलीच, तर दिसेल तरी.