एवढ्याशा कामाला इतके किरण कशाला?

‘श्वास घ्या… धरा… सोडा.’ संगमनेर असो की श्रीगोंदा, एक्स-रेच्या खोलीत दिवसभर हेच ऐकू येतं. हे सांगणारा तंत्रज्ञ कधी संशोधनाकडे वळेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र वाटतं, संशोधनाला लागणारा प्रश्न सगळ्यात आधी त्याच्याच हाताखालून जातो.

फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची. चूक लगेच दिसायची. डिजिटल यंत्राचं तसं नाही. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त पडले तर संगणक उजेड-अंधार जुळवून घेतो, चित्र उलट अधिक स्वच्छ दिसतं, आणि तक्रार कुणीच करत नाही. मग हात नकळत वरच्या आकड्याकडे सरकतो. असा हळूहळू चढत जाणारा डोस जगभरच्या एक्स-रे विभागांत आढळला आहे. तो जातो रुग्णाच्या अंगात, आणि त्याला ते कळायला मार्ग नाही. समोर दोन वर्षांचं खोकणारं पोर असताना हे एकदा उमगलं, की स्वस्थ बसवत नाही.

इतके किरण खरंच लागतात का, याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वय, वजन, छातीची जाडी आणि यंत्रावरचे आकडे वहीत मांडत जायचं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९६ मध्ये पुढे आणलेली ‘निदान संदर्भ पातळी’ अशाच नोंदींवर उभी आहे. अनेक केंद्रांचे नेहमीचे डोस चढत्या क्रमाने लावायचे आणि ७५ टक्के केंद्रं ज्या डोसच्या खाली येतात, तिथे रेघ ओढायची. त्या रेघेच्या वर जाणाऱ्याने आपली पद्धत तपासायची. पण परदेशातल्या धिप्पाड अंगकाठ्यांवरून ओढलेली रेघ अकोले तालुक्यातल्या कृश शेतमजुराला कशी लागू पडेल? इथल्या नोंदी इथेच व्हायला हव्यात.

एम.डी. करणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. नोकरीतला तंत्रज्ञ वही उघडतो, ती त्या पोराची आठवण जात नाही म्हणून.

सीटी स्कॅनचं गणितही अशाच अस्वस्थतेतून आलं. १९५५ मध्ये केपटाउनच्या ग्रोट शूर रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ नोकरी सोडून गेला, आणि विद्यापीठात शिकवणारे अ‍ॅलन कॉर्मॅक आठवड्यातून दीड दिवस तिथे जाऊ लागले. किरणोपचाराचा डोस ठरवताना हाड, फुफ्फुस, स्नायू सगळं एकसारखंच धरलं जाई. त्यांना ते पटेना. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी आपलं गणित छापलं, तेव्हा जवळपास कुणीच दखल घेतली नाही. १९७९ मध्ये सीटी यंत्र घडवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

कॉर्मॅकना आठवड्याला दीड दिवस मिळाला होता. आपल्या तंत्रज्ञाला दाराबाहेरची रांग अर्धा तासही सोडत नाही. तो अर्धा तास रुग्णालयांनी ड्युटीतच धरावा.