भिंतीवरचा राज्याभिषेक

सकाळी 6.45
चांदूर बाजार, 17 फेब्रुवारी. परवा शिवजयंती. भिंतीचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपारपर्यंत सावली. पेंटर सायकलवरून बादली, ब्रश आणि करवंट्या उतरवतो. रंग कालवायला करवंटीच बरी, फुटली तरी खर्च नाही. भाचा दोन घोड्यांवर फळी टाकतो. घोड्यांचं भाडं दिवसाला 50 रुपये.

सकाळी 7.30
12 बाय 8 फुटांची भिंत. प्रायमर झाला, दोरा ताणून फुटाफुटाच्या चौकटी झाल्या, मोठे रंगही भरून झाले. हातात छापील चित्र, त्यावर इंचाइंचाच्या चौकटी. मूळ चित्र धुरंधरांचं. कोल्हापूरला 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला गेले आणि पुढे तिथंच मास्तर झाले. ड्रॉइंगच्या सरांनी ते नाव पाठ करून घेतलं होतं.

सकाळी 9.15
छत्राची झालर. सोनेरी रंगाचा डबा नाहीच. आधी यलो ऑकर, कडेला तपकिरी, मध्ये पिवळ्याची रेघ, वर पांढरा ठिपका. दहा पावलं मागं गेलं की सोनं दिसतं. मोती त्याहून सोपा: राखाडी गोल, एका अंगाला पांढरा.

सकाळी 11
आलूबोंडा, चहा. दोघांचे 50 रुपये.
"मामाजी, हा इंग्रज कोन?"
"हेन्री ऑक्झेंडन. कंपनीचा वकील. 1674 ले मुंबईहून रायगडावर आला होता."
"वाकला काऊन?"
"मुजरा करून राह्यला. त्याच्या कोटाले निळा कालव."

दुपारी 2.30
भाकर, पिठलं, ठेचा झाला. ऊन भिंतीवर आलं. रंग ब्रशवरच सुकतो. पाणी जास्त झालं तर ओघळ येतो, कमी झालं तर रेघ तुटते. दोन नंबरचा ब्रश ओठांनी टोकदार करायची सवय, बायको रोज ओरडते. समोरून संत्र्याच्या क्रेटांची गाडी जाते. धूळ ओल्या कोटावर बसते. वाळू द्यायचं, कापडानं झटकायचं, पुन्हा हात मारायचा.

सायंकाळी 5
मंडळाचा अध्यक्ष येतो.
"पेंटरभाऊ, चेहरा राह्यला ना?"
"उद्या सकाळी. घाई केली तर महाराज दुसरेच दिसतीन."
"फ्लेक्स पंधरा रुपये फूट पडते."
"मंग फ्लेक्सच लावा."
अध्यक्ष हसतो, दोन चहा सांगतो.

सायंकाळी 6.30
ब्रश साबणानं धुतले. हिशेब भाच्याच्या वहीत: चार दिवसांचं काम, उक्ते 8,500. रंग 1,600, घोड्या 200, भाच्याला दिवसाचे 400. हाती 5,100, त्यातून चहापाणी. निम्मे उचल म्हणून आलेत, बाकीचे जयंतीनंतर. 20 तारखेला एका ट्रॅक्टर-ट्रॉलीवर नंबर टाकायचाय. त्याचे दीडशे, आणि तेही रोख.