पिंपळ, मुंजा आणि चोवीस तास ऑक्सिजन

रात्री पिंपळाखाली झोपू नये, तिथे मुंजा असतो, हे ऐकत कितीतरी मराठी पिढ्या वाढल्या. शाळेत विज्ञान आले आणि मुंजाची जागा कार्बन डायऑक्साइडने घेतली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर नेमके उलटे फिरते: पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो! बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांच्या डोक्यात यातले काही ना काही असतेच.

मुळातला घोटाळा एका पाठ केलेल्या वाक्यात आहे: ‘झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन.’ श्वसनाला सुट्टी नसते. पानाच्या पेशीत हरितलवके असतात तशा तंतुकणिकाही असतात आणि भर दुपारीही त्यांचे काम चालू असते. उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त, म्हणून श्वसन झाकले जाते, इतकेच.

मातीतल्या मुळांना तर अंधारच. शेतात पाणी तुंबले की ती ऑक्सिजनअभावी गुदमरतात आणि पीक पिवळे पडते. शेतकरी वाफशाची वाट पाहतो, त्यात हाच हिशेब असतो.

पटत नसेल तर मटकी घ्यावी. एका थर्मासमध्ये मोड आलेली, दुसऱ्यात उकडून गार केलेली. दोन्हींत तापमापी खोचून तोंडाला कापसाचा बोळा. काही तासांनी मोडांच्या थर्मासमधला पारा वर सरकलेला दिसतो, कारण श्वसनातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. उकडलेले दाणे मात्र आधी जंतुनाशकात बुचकळावे लागतात, नाहीतर त्यांच्यावर वाढणारे जिवाणूच पारा चढवतात. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच.

मग चोवीस तास ऑक्सिजनचे काय? 1941 मध्ये कॅलिफोर्नियात सॅम्युअल रूबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला ऑक्सिजन-18 हे जड समस्थानिक असलेले पाणी दिले. बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमध्ये तेच जड अणू सापडले. म्हणजे हा वायू येतो पाण्यातून, आणि पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळही तो सोडू शकत नाही. निवडुंग, अननस, दुकानदार गळ्यात मारतात ते स्नेक प्लांट, यांची पर्णरंध्रे रात्री उघडतात हे खरे. पण ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवण्यासाठी. ऑक्सिजन सकाळीच.

उलट टोकाची भीतीही फोल. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. खोलीतल्या चार कुंड्यांचे श्वसन त्यापुढे किरकोळ. पिंपळाखाली तर हवा मोकळीच. तिथे झोपायचे असेल तर मच्छरदाणी न्यावी. डास माग काढत येतात, ते झोपणाऱ्याच्याच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा.